रेमोंदची आग, जोझेतची भिंत

रेमोंद थिरिए प्रेमळ आहे, असं नॉयरू गावात कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. ती स्वतःही तसं कधी म्हणाली नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी ती कापडगिरणीत लागली आणि चोवीस वर्षं तिने माग चालवले. मागांच्या खडखडाटात तिचे कान गेले, आवाज मात्र गिरणीतलाच राहिला. बेकरीत ती आपल्या मते हळूच पाव मागायची, आणि ते चर्चच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांना ऐकू जायचं.

कान गेले तसं एक कसबही हाताशी आलं. गिरणीत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून बायका नुसते ओठ हलवून गप्पा मारायच्या. दहा माग पलीकडे उभ्या असलेल्या बाईने मुकादमाला कोणती शिवी हासडली, ते रेमोंदला अचूक कळायचं. गिरणी सुटली तरी ती नजर सुटली नाही. चौकापलीकडे दोघी बोलत उभ्या असल्या की रेमोंद खिडकीतून त्यांचं बोलणं वाचायची, आणि म्हणूनच गावात पुष्कळ जणी तिच्या घरावरून जाताना तोंडावर हात धरून बोलत.

घर सासऱ्याचं. फ्रान्समधल्या व्होजच्या डोंगरात असतं तसं, जाड दगडी भिंतींचं आणि बर्फ घसरून जाईल अशा उतरत्या छपराचं. सासरा गेल्यावर दोघा मुलांनी ते मधोमध वाटून घेतलं. पूर्वेकडचं अर्धं ल्युसियें आणि रेमोंदला, पश्चिमेकडचं एमील आणि जोझेतला. शेकोटीचा मोठा खण आणि त्यावरचं धुराडं मधल्या भिंतीतच होतं. खणाचं तोंड रेमोंदच्या बैठकीत, पाठ जोझेतच्या स्वयंपाकघरात. एमीलने आपल्या बाजूने भिंतीला भोक पाडून जोझेतच्या लाकडाच्या चुलीची नळी त्याच धुराड्यात सोडली. भावाभावांत असं चालायचंच, तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

आता दोघेही भाऊ गेले होते. राहिल्या होत्या दोन जावा, आणि त्यांच्यात सव्वीस वर्षांचं हाडवैर.

ते वैर असं. जोझेत गिरणीतच होती, पण ऑफिसात, टाइपरायटरपाशी. गिरणीत पहिली कपात झाली तेव्हा काढायच्या चाळीस जणांची यादी तिनेच टाइप केली. यादीत रेमोंदचं नाव होतं. जोझेतला ते तीन आठवडे आधी माहीत होतं. त्या तीन आठवड्यांतले तिन्ही रविवार ती नवऱ्याबरोबर रेमोंदकडे जेवायला आली. डुकराचं मांस घालून मंद आचेवर शिजवलेले बटाटे तिने दोनदा मागून घेतले, वर "तुझ्या हाताला चव आहे गं" असंही म्हणाली. सोमवारी रेमोंदच्या हातात पत्र पडलं. पुढची वीस वर्षं तिने शाळेच्या फरशा पुसल्या. त्या फरशा पुसताना तिला नोकरी गेल्याचं तितकं दुःख होत नसे. बटाटे आठवले की मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकाला जाई.

ल्युसियेंच्या अंत्यविधीला जोझेतने फुलांचं चक्र पाठवलं होतं. रेमोंदने ते परसातल्या खताच्या ढिगावर टाकलं, तेही जोझेतच्या खिडकीतून दिसेल अशा बाजूला.

सहासष्टाव्या वर्षी रेमोंद लाकडांची टोपली उचलून आणताना बर्फावर घसरली आणि खुब्यात नवा सांधा बसवावा लागला. उघडी शेकोटी म्हणजे राक्षसाचं तोंड. कितीही लाकूड घाला, निम्म्याहून जास्त ऊब धुराड्यातून आभाळात जाते. शेकोटीपुढे गुडघे भाजायचे आणि पाठ गारठायची. आता तेवढं लाकूड वाहणं तिच्याच्याने होईना. तेव्हा तिने इन्सर्ट बसवायचं ठरवलं. इन्सर्ट म्हणजे जुन्या शेकोटीच्या खणात सरकवून बसवायची, काचेच्या दाराची बिडाची भट्टी. थोडं लाकूड खाते आणि बैठक दिवसभर ऊबदार ठेवते.

हे काम करणारा खोऱ्यात एकच भरवशाचा माणूस होता, व्हाक्सलेर. त्याची आई रेमोंदच्या शेजारच्या मागावर होती, त्यामुळे त्याला रेमोंदच्या तोंडाची सवय होती. सप्टेंबरमध्ये तो धुराडं साफ करून तपासायला आला.

छपरावर चढण्याआधी त्याने विचारलं, "रेमोंदबाई, या धुराड्यात आणखी कुणाची नळी नाही ना?"

"जोझेतच्या चुलीची आहे."

"मग त्यांना सांगितलंत ना, आज साफ करतोय म्हणून? नळीचं तोंड बांधून घ्यायला हवं त्यांनी."

"सांगितलंय," रेमोंद म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली.

तिने काही सांगितलं नव्हतं. सकाळपासून तिला पलीकडून रानातल्या निळ्या बेरी भरून भाजलेल्या गोड टार्टचा वास येत होता. चर्चमधल्या विक्रीसाठी जोझेत दरवर्षी चार टार्ट करायची आणि चुलीशेजारच्या टेबलावर निवत ठेवायची.

व्हाक्सलेरने वरून ब्रश सोडला. दुसऱ्याच फेऱ्याला भिंतीपलीकडे असा काही आवाज झाला की तो रेमोंदच्या कानांनाही ऐकू आला. मिनिटभरात जोझेत दारात उभी. ती एरवी नीटस बाई, केस बसवलेले, कानात मोती. आता मोत्यांसकट काळी ठिक्कर पडली होती.

"कोण आहे वर?" ती ओरडली. "माझं स्वयंपाकघर! चारही टार्टं!"

व्हाक्सलेर शिडीवरून उतरला आणि रेमोंदकडे वळला. "बाई, तुम्ही सांगितलं म्हणाला होतात!"

"विसरले वाटतं," रेमोंद म्हणाली. "वय झालं. काही बायका तीन तीन आठवडे गोष्टी विसरतात, मी तर एकच सकाळ विसरले."

जोझेतच्या काळ्या तोंडात दात तेवढे दिसले. "सव्वीस वर्षं तेच दळण दळतेस. लाज नाही वाटत?"

"टार्टावर साखर भुरभुरव. काजळी दिसणार नाही."

व्हाक्सलेरने त्या दिवशी जोझेतचं अख्खं स्वयंपाकघर धुऊन दिलं आणि रेमोंदशी चकार शब्द बोलला नाही. बोलला तो दुसऱ्या दिवशी, आणि त्याला जे सांगायचं होतं ते ऐकून रेमोंदच्या तोंडाला पाणी सुटलं.

"एका धुराड्यात एकच आग, असा नियम आहे," तो म्हणाला. "मी वरपासून खालपर्यंत स्टीलची नळी सोडणार, ती फक्त इन्सर्टची. जोझेतबाईंची चूल त्यात जोडता येत नाही. त्यांची वाट बंद करावी लागेल. आणि धुराडं कुणाच्या मालकीचं आहे ते कागदावर बघा आधी. ते दोघींचं असेल आणि जोझेतबाईंची परवानगी नसेल, तर मी हात लावणार नाही."

वाटणीचा कागद रेमोंदने त्याच दुपारी काढला. "शेकोटी व धुराडे पूर्वेकडील भागासोबत." सासऱ्याच्या वकिलाने लिहून ठेवलं होतं, स्वच्छ अक्षरात. एमीलचं भोक भावाच्या शब्दावर चाललं होतं, आणि तो शब्द देणारा दफनभूमीत होता.

कागद घेऊन ती स्वतः जोझेतच्या दारात गेली. काठी टेकत तीन पायऱ्या चढली, पण उंबरा ओलांडला नाही. जोझेतने चष्मा लावून कागद वाचला. वाचायला वेळ लागला.

"याच चुलीवर मी चाळीस वर्षं स्वयंपाक केला," ती म्हणाली.

"गॅसची शेगडी आहे तुझ्याकडे."

"गॅसने खोली तापत नाही."

"विजेचे हीटर आहेत."

"ते किती वीज खातात ठाऊक आहे?"

"मला पत्र मिळालं तेव्हा थंडीच होती, जोझेत. फेब्रुवारी. मी विचारलं होतं का कुणाला, आता शेकू कशावर?"

जोझेतने कागदाची घडी घातली, अगदी पूर्वीच्याच घड्यांवर, आणि परत केला. "कर बंद. भीक मागणार नाही मी तुझ्याकडे."

ऑक्टोबरमध्ये दोन माणसांनी तिची चूल उचलून अंगणात नेऊन ठेवली आणि वर ताडपत्री घातली. व्हाक्सलेरने भोक विटांनी बुजवलं, गिलावा केला. रेमोंद खिडकीत बसून कॉफी पीत होती. ती कॉफी बरी लागली, असं ती पुढे कित्येक दिवस सांगायची. पण खरं म्हणजे चूल पायऱ्यांवरून उतरताना तिचं एक झाकण निसटलं, घरंगळत फाटकापर्यंत गेलं आणि जोझेत ते उचलायला वाकली, तेव्हा रेमोंदने पेला खाली ठेवून दिला होता. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

इन्सर्ट आलं ते लाकडी पाटावर, दोर बांधून. दीड क्विंटलचं धूड. व्हाक्सलेर आणि त्याचा भागीदार ते तसूतसूने पुढे सरकवत होते आणि रेमोंद खुर्चीतून हुकूम सोडत होती.

"डावीकडे वाकडं जातंय!"

"नाही जात, बाई. पाणसळ लावलीय."

"तुझी पाणसळ आंधळी आहे."

छपरावरून स्टीलची नळी साप बिळात शिरावा तशी सरसरत खाली आली. ती भट्टीच्या डोक्यावर बसली. खणाच्या वरच्या पोकळीत आगीला न जुमानणारे, ऊब अडवणारे पाट बसले, गरम हवा खोलीत यावी म्हणून वर दोन जाळ्या आणि बाहेरची हवा आगीला मिळावी म्हणून खाली भिंतीत एक भोक. मग व्हाक्सलेरने आत धुराची कांडी पेटवली आणि सांधे तपासले. कुठूनही धूर आला नाही.

"आता नीट ऐका," तो मोठ्याने म्हणाला. "पहिले तीन दिवस छोटीच आग. बिडाला हळूहळू तापू द्यायचं, नाहीतर तडकेल. रंग भाजला जाईल, घाण वास येईल, खिडक्या उघड्या ठेवा. आणि पेटवायचं वरून. जाड लाकडं खाली, बारीक वर, ढलप्या सगळ्यांत वर, काडी तिथे लावायची."

"वरून? आग वर जाते हे तुझ्या आईने नाही शिकवलं तुला?"

"ही खाली उतरते. मेणबत्तीसारखी. धूर वरच्या ज्वाळेतच जळून जातो, काच काळी होत नाही."

"वेड्यांचा बाजार," रेमोंद म्हणाली. पण त्याने सांगितलं तसंच केलं.

रंगाचा वास खरंच असा सुटला की डोळे चुरचुरले. नोव्हेंबरच्या गारठ्यात सताड उघड्या खिडक्या, मफलर गुंडाळून बसलेली रेमोंद, आणि काचेमागे चार काटक्यांची आग. तेवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला. अग्निशमन दलाची लाल गाडी फाटकाशी थांबली आणि दोन जण धावत आत आले. कुणीतरी फोन केला होता की थिरिएंच्या घरात आग लागलीय, म्हातारी आत आहे.

"म्हातारी आत आहेच," रेमोंद गरजली, "आणि आगही आत आहे, जिथे असायला हवी तिथे!"

तिने उघड्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तर शेजारच्या खिडकीतून जोझेत वाकून बघत होती. तिने हात हलवला. रेमोंदने तिचे ओठ वाचले: "मला वाटलं, जळालीस."

तीन दिवसांनी मात्र आग नीट लागली, आणि रेमोंदला पहिल्यांदा कळलं की आपण सगळं आयुष्य अर्धवट शेकत काढलं. दोन वर्षं वाळलेली बीच झाडाची तीन लाकडं सकाळी घातली की दुपारपर्यंत पुरत. काचेमागे ज्वाळा संथ हलायच्या, जाळ्यांतून ऊन हवा यायची, पाठही ऊबदार आणि पायही. खुब्याचं दुखणं कमी झालं. ती गिरणीतल्या जुन्या मैत्रिणींना बोलवून इन्सर्ट दाखवू लागली. मैत्रिणी म्हणाल्या, "रेमोंद, तू चक्क हसतेयस की!" तिने लगेच तोंड मिटलं.

जानेवारीत पारा शून्याखाली बारापर्यंत गेला. एका सकाळी रेमोंद खिडकीत होती आणि फाटकाशी जोझेत टपालवालीशी बोलत होती. अंगात साधा स्वेटर. गाल गुलाबी. रेमोंदने सवयीने ओठ वाचले.

"हीटर? छे गं, अजून लावलाच नाही यंदा," जोझेत सांगत होती. "माझ्या स्वयंपाकघराची भिंत कशी तापते म्हणतेस! खुर्ची लावून पाठ टेकून बसते दिवसभर. चुलीसारखी राख काढायला नको, लाकूड वाहायला नको. मोलकरीण ठेवल्यासारखं झालंय, ती सकाळी उठून माझ्यासाठी पेटवते."

रेमोंदने कपबशी बाजूला सारली. ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज पुरता चढवून तिने व्हाक्सलेरला फोन लावला.

"मागची भिंत तापतेय!"

"तापणारच. दगड आहे. इन्सर्टच्या मागे पाट लावलेले नाहीत, दगडी भिंतीला गरज नसते."

"मला गरज आहे. आज ये."

"आत्ता हंगाम आहे, बाई. भट्टी बाहेर काढावी लागेल त्यासाठी. मार्चमध्ये येतो."

"मार्चपर्यंत ती माझी ऊब खाणार?"

"त्यांना खाऊ द्या की थोडी," व्हाक्सलेर थकून म्हणाला. "तुम्हाला कमी पडते का?"

रेमोंदने फोन आपटला. त्या दिवशी दुपारी आग विझली ती तिने पुन्हा पेटवली नाही. तेलावरचं जुनं हीटिंग तिने इन्सर्ट आल्यावर काढून टाकलं होतं. दोन कोट चढवून, पायांवर रजई घेऊन ती थंड काचेसमोर बसून राहिली. भिंत निवत जाताना पलीकडे कशी धांदल उडत असेल, याचं चित्र ती रंगवत होती. पहिला दिवस त्या चित्रावर निघाला. दुसऱ्या दिवशी खुब्यात कुणी गिरमिट फिरवावं तशी कळ आली. तिसऱ्या दिवशी खिडकीच्या आतल्या बाजूने बर्फाची नक्षी उमटली आणि रेमोंदला खुर्चीतून उठता येईना.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार धाडकन उघडून जोझेत आत आली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

"काय चाललंय? आग का नाही?"

"माझी आग. माझी मर्जी. हीटर लाव."

"लावलाय! तू आरशात बघ जरा. ओठ निळे पडलेत तुझे. मरायचंय का? मेलीस तर गाव म्हणेल, जावेने बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यासाठी सुद्धा मरशील तू!"

"तू ये म्हणून कुणी सांगितलं? बटाटे नाही शिजवलेत आज."

जोझेत खुर्चीसमोर आली, अगदी तोंडासमोर, आणि सावकाश बोलली, म्हणजे रेमोंदला एकही अक्षर चुकू नये.

"ऐक. यादी आली तेव्हा एकोणचाळीस नावं होती. साहेब म्हणाला, मागांवरचं आणखी एक हवं, तूच सांग, तू बायकांना ओळखतेस. मी तुझं सांगितलं."

रेमोंदने पायांवरची रजई बाजूला ढकलली.

"ल्युसियेंला करवतीच्या कारखान्यात पक्की नोकरी होती. बाकीच्या मागवाल्यांत कुणाचा नवरा आजारी, कुणाला नवराच नाही. मी हिशेब केला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच नाव सांगीन. आणि जेवायला आले कारण एमीलला काय सांगू, का जायचं नाही म्हणून? भूक कुठली होती मला!"

"दोनदा मागून घेतलेस."

"घेतले नसते तर तू विचारलं असतंस, काय झालं म्हणून. तुझ्यापासून काही लपतं का?"

सव्वीस वर्षं रेमोंदला वाटत होतं की जोझेतने नुसतं तोंड बंद ठेवलं. आता कळलं की तोंड उघडलंही होतं. राग दुप्पट व्हायला हवा होता, आणि झालाही. पण थंडीने दातांवर दात आपटत असताना माणसाला धड शिवीही देता येत नाही. "चालती हो," एवढंच ती म्हणाली, तेही तीन तुकड्यांत.

जोझेत चालती झाली नाही. ती भट्टीपुढे गुडघ्यांवर बसली, काचेचं दार उघडलं, वर्तमानपत्राचे बोळे खाली कोंबले, वर दोन ओंडके टाकले आणि काडी लावली. धुराचा लोट खोलीत आला. तिने घाईघाईने दार लावून टाकलं. काच बघता बघता तपकिरी झाली.

"अगं मूर्खे!" रेमोंद ओरडली. "खालून नाही पेटवायचं! वरून!"

"आग वर जाते, रेमोंद."

"ही खाली उतरते! काढ ते ओंडके! काच घाण केलीस माझी!"

"मग तूच कर की. उठ."

रेमोंद उठली. कशी ते तिलाही कळलं नाही, पण काठी आणि जोझेतचा खांदा, दोन्ही तिच्या हाताखाली होते. तिने सगळं बाहेर ओढायला लावलं. जाड खाली, बारीक वर, त्यावर ढलप्या. जोझेत रचत होती आणि रेमोंद शिव्या घालत होती. काडी मात्र रेमोंदने स्वतः लावली. ढलप्यांनी पेट घेतला आणि आग हळूहळू खाली उतरत गेली.

"खरंच उतरतेय," जोझेत म्हणाली.

"तू क्षमा मागायला आली नव्हतीस ना?"

"नाही."

"बरं झालं. मी केली नसती."

"ठाऊक आहे." जोझेतने हातांची राख स्कर्टला पुसली आणि दार ओढून घेऊन निघून गेली.

मार्चमध्ये व्हाक्सलेर पाट घेऊन आला. "भट्टी काढू ना बाहेर? मागची भिंत झाकून टाकतो."

रेमोंदने त्याला कॉफी दिली. "आता उन्हं यायला लागली. उगाच कशाला घरात पसारा."

"मग ऑक्टोबरमध्ये?"

"कळवते." तिने कळवलं नाही.

बेकरीत त्या आजही एकमेकींना रामराम करत नाहीत. औषधांच्या दुकानात रेमोंद सांगते की जाऊ माझ्या भिंतीवर जगते, आणि पोस्टात जोझेत सांगते की जाऊ मला घाबरून आग विझू देत नाही. त्या ऑक्टोबरमध्ये लाकडाची गाडी आली, ड्रायव्हरने सगळा ढीग अंगणात ओतला आणि निघून गेला. रेमोंद काठीवर रेलून त्या ढिगाकडे बघत होती. जोझेत हातमोजे घालून आपल्या दारातून बाहेर आली, ओंडके उचलून शेडमध्ये भिंतीशी रचू लागली.

"साल वर ठेव," रेमोंद म्हणाली.

"साल खाली ठेवतात."

"वर! पाऊस लागला तर सालीवरून ओघळून जाईल."

"शेडमध्ये पाऊस कुठून लागणार तुला?"

"कापडगिरणीच्या ऑफिसात लाकूड रचायला शिकवत होते वाटतं!"

तास दीड तास हे चाललं. शेवटी अर्धी रास साल वर आणि अर्धी साल खाली अशी रचली गेली. संध्याकाळी जोझेत हातमोजे झटकून घरात गेली आणि दोघींचं बोलणं पुन्हा बंद झालं, ते थेट पहिला बर्फ पडेपर्यंत.